उन्हाळ्याच्या तोंडावर घरची बाग: वाफसा, सावली आणि मोगरा

दुपारी दोनच्या उन्हात काकडीचा वेल मान टाकतो, भोपळ्याची पानं मिटल्या छत्रीसारखी लोंबतात, आणि नुकतीच बाग सुरू केलेला माणूस घाबरून बादलीभर पाणी ओततो. थांबा. मोठ्या पानांतून त्या वेळी जितकं पाणी उडतं तितकं मुळांना ओढता येत नाही, म्हणून झाड पानं सैल सोडतं. ऊन कललं की सहा-सातच्या सुमाराला तोच वेल पुन्हा ताठ होतो. सकाळी सातलाही पानं लोंबलेलीच असतील, तर एक तर पाणी खरंच कमी पडलंय किंवा मुळं कुजली आहेत. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आधी मातीत बोट घाला, मग झारी उचला.

पुढचं सगळं फेब्रुवारीच्या मध्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या काळाचं आहे आणि देशावरची हवा धरून लिहिलं आहे. विदर्भ-मराठवाड्यात हीच कामं पंधरा दिवस आधी उरकावीत आणि सावलीची सोय मार्चच्या सुरुवातीलाच करावी. कोकणात आणि गोव्यात पारा तितका चढत नाही, पण दमटपणामुळे बुरशी जास्त आणि जांभ्याची लाल माती पाणी धरत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

वाफसा ओळखा

शेतकऱ्याकडून एकच शब्द उचलायचा असेल तर तो वाफसा. माती ओलसर आहे पण चिखल नाही, तिच्या फटींमध्ये हवा खेळते आहे, ती अवस्था. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. सतत भिजलेल्या कुंडीत ती गुदमरतात, काळी पडतात, आणि मग झाड पाण्यात उभं राहून वाळतं. बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर आज पाणी नाही. मूठभर माती दाबल्यावर गोळा होत असेल आणि टिचकीसरशी फुटत असेल, तर वाफसा आहे. गोळा फुटतच नसेल तर पाणी जास्त झालंय, गोळा होतच नसेल तर उशीर झालाय.

पाणी सकाळी आठच्या आत द्यावं. बारा इंची कुंडीत वाढलेल्या वांग्याला किंवा टोमॅटोला एप्रिलमध्ये दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर लागतं. ते एकदम ओतू नका. अर्धं घाला, पाच मिनिटं दुसऱ्या कुंड्यांकडे वळा, मग उरलेलं घाला. खालच्या भोकातून थेंब पडायला लागले की थांबा. वीस कुंड्या म्हणजे रोज तीस-चाळीस लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या. झाडांची संख्या ठरवायच्या आधी हा हिशेब घालावा. मार्चमध्ये हौसेने लावलेल्या पन्नास कुंड्या मे महिन्यातल्या पाणीकपातीत डोईजड होतात. आठ इंचांहून लहान कुंडी उन्हाळ्यात भाजीला नकोच. तिला दिवसातून दोनदा पाणी दिलं तरी पुरत नाही.

गच्चीवरच्या पाइपमधलं पहिलं पाणी दुपारनंतर चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत काढून गार होऊ द्या. कुंडी एकदा कडकडीत वाळली की माती आकसून कडेपासून सुटते, आणि मग कितीही पाणी घाला, ते फटीतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी आलं म्हणून तुम्ही समाधानी, आणि मधला मातीचा गड्डा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी टबभर पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची, आणि वरचा इंचभर थर खुरप्याने मोकळा करायचा.

पाणी कुठलं हेही बघा. बोअरच्या जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरे क्षार साठतात, पानांचे काठ करपतात. महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून ते खालून वाहून जाऊ द्यावेत. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. एसीतून टपकणारं पाणीही चालतं, फक्त त्यात झाडाला पोसणारं काही नसतं.

जमिनीतल्या वाफ्यांना रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोलवर पाणी द्यावं. रोजच्या शिंतोड्यांनी फक्त वरची दोन बोटं माती भिजते, मुळंही तिथेच वर राहतात आणि पहिल्या कडक दिवशी भाजून निघतात. झाडाभोवतीचं आळं पानांच्या घेराइतकं रुंद हवं, खोडाशी माती थोडी उंच हवी. चार वेलांच्या मध्ये पाचेक लिटरचं कच्चं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलं आणि वर झाकण ठेवलं, तर ते हळूहळू पाझरत राहतं. भोक पाडायची गरज नाही. मडकं जुनं असेल तर क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, तेव्हा नवंच आणा.

मुळं गार ठेवा, पण झाड अंधारात ढकलू नका

उघड्या मातीवर वाळका पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा दोन-तीन इंच जाड पसरावा. आच्छादन एवढं एक काम केलं तरी पाण्याची फेरी निम्म्यावर येते. खोडापासून दोन इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर खोडाची साल ओलीने कुजते. जमिनीत वाळवीचा त्रास असेल तिथे आच्छादन पातळ ठेवून अधूनमधून उलटंपालटं करावं. ताजं गवत जाड थरात घालू नये, ते तापतं आणि कुजून वास मारतं.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो-बॅगा पश्चिमेच्या उन्हात आतून तापतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, सगळ्यात बाहेरच्या रांगेला पोत्याचं कापड गुंडाळा, आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवा. स्लॅबची धग थेट तळाला लागत नाही, पाण्याचा निचरा होतो आणि गच्चीही खराब होत नाही.

शेडनेट घ्यायला गेलात की दुकानदार पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी दाट जाळी पुढे करतो. ती भाजीला नको. तिच्याखाली भेंडी लांबुळकी, फिकट होते आणि फुलं धरत नाहीत. भाजीपाल्याला पन्नास टक्क्यांची पुरे, तीही झाडांच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट वर, आणि शक्य असेल तर फक्त पश्चिमेच्या बाजूला. सकाळचं ऊन मिळू द्यायचं, बारानंतरचं अडवायचं. वेलवर्गीय भाज्यांना पूर्ण ऊन सोसतं. त्यांना जाळीखाली कोंडू नका, त्यांच्याच मांडवाखाली पालेभाजी लावा.

बाल्कनीत बाग असेल तर सूर्य सरकतो हे ध्यानात ठेवा. डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीत खोलवर येणारं ऊन एप्रिलपर्यंत कठड्याशी येऊन थांबतं, कारण सूर्य डोक्यावर चढत जातो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सावली पायाखाली येते आणि पुढे काही आठवडे सूर्य किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात जिथे टोमॅटो आला तिथे आता फुलंच येत नाहीत, यामागे बऱ्याचदा खत-पाण्याचा काही संबंध नसतो. कुंड्या कठड्याकडे सरकवा.

काय पेरावं, काय सोडून द्यावं

पालक, मेथी, कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा यांचा हंगाम संपला. कोथिंबीर उन्हात लवकर तुऱ्यावर येते, ती बाजारातून आणावी. त्यांच्या रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती मेणकापडावर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात तापवा, मुळांचे धागे आणि अळ्या वेचून टाका. मग तीन घमेली मातीला दोन घमेली कोकोपीट, दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. शेणखत ताजं नको. ते कुजताना तापतं आणि मुळं जाळतं. निव्वळ काळी माती कुंडीत वापरू नका, ती वाळली की भेगाळते आणि भिजली की निचरा होत नाही.

भेंडी ही नवशिक्याची पहिली भाजी. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) बऱ्यापैकी दाद देत नाहीत. बी रात्रभर भिजवून इंचभर खोल टोकावं. बारा इंची कुंडीत दोन-तीन बिया, आणि चार पानांवर आल्यावर सगळ्यांत जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटू नयेत, शेजारच्याची मुळं दुखावतात. पंचेचाळीस दिवसांच्या आसपास फुलं येतात आणि फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडावी. एक दिवस गावाला गेलात तर ती जरड होते, आणि एक जरड भेंडी झाडावर राहिली की पुढच्या फुलांचा वेग मंदावतो. चौघांच्या घराला एका वेळच्या भाजीइतकी भेंडी हवी तर किमान पंधरा-वीस झाडं लागतात. दोन कुंड्यांत दोन झाडं लावून निराश होऊ नये, आमटीत घालायला चार निघतात.

गवारीला जागा कमी लागते, पुसा नवबहार सरळसोट वाढतो. तिला आणि चवळीला नत्राचं खत जास्त घालू नका, नुसता पाला माजतो. लाल माठ, राजगिरा आणि तांदुळजा उन्हाळ्याचे खरे मित्र. बी राईपेक्षा बारीक, म्हणून चारपट वाळूत मिसळून फोकावं, वरून चाळलेल्या खताची चिमूट-चिमूट भुरभुर आणि झारीच्या बारीक धारेने पाणी. मुंग्या बी पळवतात. कडेने हळद टाकावी. पंचवीस-तीस दिवसांत पहिली कापणी, दोन इंच बुडखा ठेवून कापलं तर दोन-तीनदा फुटतो.

टोमॅटोबद्दल स्पष्ट सांगायचं तर, मार्चनंतर नवीन रोप लावू नये. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही उकाड्याची झाली की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. आधीचं झाड असेल तर जाळीखाली घ्या आणि सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नाही. कधी कोरडं, कधी चिंब अशा पाण्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नियमित झालं की पुढची फळं नीट येतात.

मिरचीची पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड). पानं मुरडली की बोकड्या रोग म्हणून सगळं एकात घालू नका, पानाची मागची बाजू बघून ठरवा.

वेलांचं लग्न लावायचं असतं

दोडका, दुधी, काकडी, कारली यांच्याबद्दलची तक्रार एकच: फुलं ढीगभर, फळ नाही. सुरुवातीचे दोन आठवडे बहुतेक फुलं नरच असतात, तेव्हा धीर धरा. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं, नर फूल नुसत्या देठावर असतं. कडक ऊन आणि नत्राचं खत या दोन्हींनी नर फुलं वाढतात, म्हणून या काळात वेलांना युरिया अजिबात नको.

मधमाश्या कमी असतील, विशेषतः पाचव्या-सहाव्या मजल्यावर, तर परागीभवन हाताने करा. नुकतं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नर फुलाने दोन माद्या होतात. वेळ मात्र ओळखायला हवी. काकडी, कारली, भोपळ्याची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, त्यांचं काम नऊच्या आत. दोडक्याचं फूल संध्याकाळी पाचच्या सुमाराला उघडतं आणि दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला. दुधीला सकाळी हात लावून काही उपयोग नाही. परागीभवन झालं असेल तर तीन-चार दिवसांत बाळफळ वाढताना दिसतं. नाही झालं तर पिवळं पडून गळतं.

कारल्याच्या बीचं कवच टणक असतं. टोकदार बाजू नेलकटरने किंचित कातरून चोवीस तास भिजवावं, मग ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवावं. मोड आला की पेरावं. दोडक्या-काकडीला बारा तास पुरतात. कुंडी किमान वीस लिटरची, एका कुंडीत एकच वेल. दुधी आणि लाल भोपळा जागा असेल तरच. मांडवाला सुतळी किंवा काथ्या बांधावा, तार उन्हात तापून कोवळे ताणे जाळते. वेल मांडवावर पोहोचेपर्यंत बगलफुटी काढाव्यात, पोहोचल्यावर शेंडा खुडावा. मादी फुलं बहुतेक आडव्या फांद्यांवर येतात.

फळ वाकडं होऊन आतून सडत असेल आणि कापल्यावर अळ्या निघत असतील तर ती फळमाशी. क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, तो मांडवाला टांगा. बाळफळावर कागदाची पिशवी चढवली तर आणखी खात्री. किडकं फळ खताच्या खड्ड्यात टाकू नका, त्यातूनच पुढची पिढी निघते. पिशवीत गच्च बांधून दोन दिवस उन्हात ठेवा.

फुलं

झेंडू, झिनिया, गलांडा, सूर्यफूल, सदाफुली आणि चिनी गुलाब ही उन्हाळ्याची बिनतक्रार मंडळी. झेंडूची वाळकी फुलं रोज काढा, भाजीच्या वाफ्याच्या कडेने लावा. गुलाबाला आता मोठी छाटणी करू नका. वाळलेली फुलं खुडा आणि दुपारची सावली द्या. बोगनवेलीला तर पाणी कमी दिलं तरच ती फुलते. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत.

मोगऱ्याला मात्र वेळ काढा. तो नव्या फुटीच्या शेंड्यावर कळ्या धरतो, म्हणून जुनी काडी जितकी राहील तितकी फुलं कमी. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडून ताण द्यायचा, पानं पिवळी पडू लागली की झाड एक-दीड फुटावर छाटायचं आणि उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची. वरची माती उकरून दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग भरपूर पाणी. महिन्या-दीड महिन्यात कळ्या लागतात. मार्च उजाडला आणि छाटणी राहिलीच असेल, तर ताणाच्या फंदात न पडता फक्त शेंड्याचे चार-सहा इंच कापा, बहर थोडा उशिरा येईल. पहिला बहर संपला की फुलं येऊन गेलेली प्रत्येक काडी दोन जोडपानं खाली कापायची. तीन-चार आठवड्यांनी दुसरा बहर येतो. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर मोगरा नुसता हिरवागार राहतो, आणि लोक त्याला आणखी खत घालत बसतात. कळ्या जांभळट पडून जाळ्यात गुंतल्या तर आत अळी आहे, त्या कळ्या खुडून नष्ट करा.

कीड आणि खत

उन्हाळ्यातला खरा शत्रू लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके, मागच्या बाजूला धुळीसारखे हलणारे कण, पुढे बारीक जाळी. कोरड्या, धुळकट हवेत ही कीड झपाट्याने वाढते, म्हणून पानांच्या मागून पाण्याचा जोराचा फवारा लागोपाठ तीन दिवस सकाळी मारावा. अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. मावा आणि पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर साबणाचं द्रावण पुरतं.

निंबोळी अर्क घरी करता येतो. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून फडक्यात बांधा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पुरचुंडी पिळून गाळा, चिमूटभर साबण मिसळा आणि त्याच संध्याकाळी फवारा. फवारणी ऊन उतरल्यावरच. दुपारी मारलेलं कुठलंही औषध, अगदी नीमतेलसुद्धा, पानं भाजतं. फुलं उमललेली असताना फवारू नका, मधमाश्या येतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा, विषाणूजन्य रोग आहे, त्यावर फवारा नाही. झाड उपटा आणि तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

खत थोडं आणि वरचेवर. बारा इंची कुंडीला पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. जीवामृत घरापुरतं करायचं तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर झाडाखालची माती. सावलीत, गोणपाट झाकून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन-तीन दिवस ठेवा, दहापट पाणी घालून द्या आणि आठवड्यात संपवा. रासायनिक असो की घरचं, कोरड्या मातीत खत घालू नये. आधी पाणी, मग खत.

सुट्टीत गावाला जाताना

चार-पाच दिवसांची गोष्ट असेल तर सगळ्या कुंड्या सावलीत एका जागी घोळक्याने ठेवा, आच्छादन दुप्पट करा, लागलेली फळं आणि उमललेली फुलं तोडून टाका. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंचावर ठेवून तिच्यातून जाड सुती दोरीची एकेक वात प्रत्येक कुंडीच्या मातीत दोन इंच खोचा. दोरी आधी पूर्ण भिजवलेली हवी. निघायच्या दोन दिवस आधी करून बघा, बादली किती उतरते ते कळतं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या आणि कुठल्या कुंडीला किती तांबे ते कुंडीवरच लिहून ठेवा. नाहीतर प्रेमापोटी त्या सगळ्यांना सारखंच घालतात, आणि कोरफड आधी जाते.

अक्षय्य तृतीयेला अनेक घरांत आळी खणून वेलांच्या बिया टोकायची रीत आहे. पावसाळी वेलांसाठी त्याच सुमाराला हातभर खोल खड्डा करून उन्हात उघडा ठेवावा, मग पालापाचोळा, शेणखत आणि राख घालून भरावा. पाण्याची ददात असेल तर बी मृगापर्यंत थांबलं तरी चालतं. वळवाचा वारा मात्र थांबत नाही. मे महिन्यात दुपारनंतर ढग काळे झाले की शेडनेटची एक बाजू सोडून द्या, नाहीतर जाळी शिडासारखी फुगते आणि मांडवासकट जाते. उंच कुंड्या आडव्या करून भिंतीला टेकवा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी देऊ नका, बोट घालून बघा.